खोट्या दागिन्यांची खरी पारख

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मांडवात उभे राहून जे सोने नव्हे त्याविषयी बोलावयाचे, हे आपणांस जरा चमत्कारिक वाटेल. विषय कळविला तेव्हा चिटणीसांनी हसून विचारलेही की, "सोनारांच्या सभेत खोट्या दागिन्यांचे काय काम?" मी म्हटले, सोन्याची पारख आपल्या समाजास कोणी शिकवावयास नको. कसोटीचा दगड, तेजाबाची बाटली आणि गुंजांची डबी यांच्या सान्निध्यात आपल्या कित्येक पिढ्या वाढल्या. परंतु आजीच्या पेटीत सोन्याच्या शेजारीच जे दुसरे काही पडलेले असते, म्हणजे लाल मण्यांची सर, पिवळट काकण, काळे कर्णफूल, एखादा परदेशी ब्रोच, ते हाती आले की आपण "खोटे" एवढा एकच शब्द उच्चारतो आणि वस्तू बाजूस सारतो. हा शब्द फार घाईचा आहे. आज मला इतकेच सांगावयाचे आहे की, वस्तू कशाची आहे हे ठरल्याशिवाय ती टाकू नये, वितळवू नये, आणि मुख्य म्हणजे तिच्यावरून कोणा माणसास दोष देऊ नये.

शेवटच्या गोष्टीस मी मुख्य म्हणतो, त्यास कारण आहे. घरातील वडील माणूस जाते, दिवसकार्य आटोपते, आणि पेटी उघडली जाते. कागदावर लिहिलेले व पेटीत असलेले जुळत नाही. उघड कोणी बोलत नाही; पण "किल्ली कोणाकडे होती?" एवढा प्रश्न निघाला, की शेवटपर्यंत सेवा केलेल्या सुनेच्या किंवा मुलीच्या तो काळजास लागतो. नाहीतर दोष येतो तो सोनारावर. अशा पुष्कळ भांडणांच्या मुळाशी चोरी नसते, केवळ पदार्थाचे अज्ञान असते. याची चार उदाहरणे देतो.

पहिले पोवळ्याचे. पोवळे हा दगड नव्हे. समुद्रातील सूक्ष्म जिवांनी रचलेला तो चुन्याचा सांगाडा होय. तांबडे उत्तम पोवळे भूमध्य समुद्रातले, आणि इटलीतील तोर्रे देल ग्रेको हे गाव ते घडविण्यासाठी प्रसिद्ध आहे. चुन्यास आम्ल सोसत नाही. घाम, अत्तर, लिंबू, चिंच यांनी त्याची झिलई जाते. वीस-तीस वर्षे रोज गळ्यात घातलेली सर फिकी व खरखरीत होते, आणि त्याच सरीतून काढून दुसऱ्या बहिणीस दिलेले मणी पेटीत राहिले असतील तर तसेच लालबुंद दिसतात. दोन्ही सरी शेजारी ठेवल्या की पाहणारा म्हणतो, "हिचे मणी बदललेले दिसतात." बदललेले काही नसते. एकीने अंगावर वागविले, दुसरीने जपून ठेवले, एवढेच.

दुसरे उदाहरण कायद्याचे. जानेवारी १९६३ मध्ये देशात सुवर्णनियंत्रण आले आणि चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. चौदा कॅरटची अट १९६६ मध्ये उठली; १९६८ साली सुवर्णनियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला, तो १९९० मध्ये रद्द झाला. चौदा कॅरटच्या त्या अटीच्या काळात कायदा पाळून घडविलेला दागिना आज कसोटीवर उतरविला तर कस हलका दिसणारच. नातू म्हणतो, "आजोबांना सोनाराने फसविले." बिचाऱ्या सोनाराने फक्त कायदा पाळलेला असतो, आणि त्या कायद्यापायी त्याच्या घरची चूलही त्या काळी मंदावलेली असते. असेच पोर्तुगालहून आलेल्या दागिन्यांचे. तिकडे सोन्याचे रूढ प्रमाण हजारांत आठशे भाग, म्हणजे १९.२ कॅरट. आपल्या बावीस कॅरटच्या सवयीच्या डोळ्यास ते हिणकस वाटते. पण ते त्या देशाचे चोख प्रमाण आहे.

तिसरे उदाहरण लाखेचे. जुने मोठे मणी वरून सोन्याच्या पातळ पत्र्याचे आणि आतून लाखेने भरलेले असत. मणी चेपू नये म्हणून ही योजना होती. तीत लबाडी नाही. परंतु वहीत कोणी लाखेसकट वजन मांडले आणि पुढे कोणी लाख वितळवून निव्वळ सोने तोलले, तर दोन आकड्यांत मोठे अंतर पडते. ते अंतर कोणी खाल्लेले नसते. ते लाखेचे असते.

चौथे उदाहरण खुद्द तोळ्याचे. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्यास ९६ गुंजा. हा जुना तोळा सुमारे ११.६६ ग्रॅम भरतो. आजच्या बाजारात तोळा म्हणजे सरळ दहा ग्रॅम. तेव्हा जुन्या वहीतले पाच तोळे म्हणजे सुमारे ५८.३ ग्रॅम, आणि अलीकडच्या पावतीतले पाच तोळे म्हणजे ५० ग्रॅम. कोणता तोळा हे न विचारता हिशेब मांडला तर सुमारे ८.३ ग्रॅमच्या फरकासाठी भाऊ भावाचे तोंड पाहीनासा होतो.

ही झाली सोन्याच्या आसपासची गोष्ट. आता जे सोने मुळीच नाही त्याकडे वळू. आपल्या पेडणे-डिचोलीच्या पेट्यांत या परक्या वस्तू आल्या कोठून? हा मुलूख अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला. पण तेरेखोलपलीकडच्या सावंतवाडी, बांदे, वेंगुर्ल्याशी सोयरीक तुटली नाही. त्या वाटेने सावंतवाडीची लाखकामाची रंगीत लाकडी वस्तू आली, विजयदुर्गाकडील गव्याच्या शिंगाचे दागिने आले. मुंबईस नोकरीस गेलेल्यांनी काचेचे व नकली मोत्यांचे जिन्नस आणले. मोझांबिक आणि लिस्बनच्या वाटेने हस्तिदंत आला. पुढे १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून हणजूण, हरमल या किनाऱ्यांवर परदेशी मंडळी येऊ लागली. हणजूणचा बुधवारचा बाजार सुरू झाला तोच मुळी या लोकांनी आपापल्या जुन्या वस्तू विकण्यातून. त्यांच्या आजीची काकणे आपल्या मुलींच्या हातांत आली ती अशी.

अशी जुनी वस्तू ओळखावयास लागते काय? स्वतःचे पाच अवयव, सोनाराचे दहापट भिंग, आणि सबुरी. आधी हात लावावा. काच आणि खडा तळहाताला थंड लागतो व लवकर तापत नाही. लाकूड, शिंग, राळ आणि कृत्रिम पदार्थ लगेच कोमट होतात. मग हातात तोलून पाहावे. मग भिंगाखाली साच्याची शिवण दिसते का, आत बुडबुडे आहेत का, भोकाच्या कडेला वरचा थर सुटला आहे का, हे पाहावे. शेवटी अंगठ्याने जोराने घासून, किंवा कोमट पाण्याच्या धारेखाली क्षणभर धरून, वास घ्यावा. खड्यांच्या पाठीस वर्ख लावलेला असेल तर मात्र पाणी मुळीच लावू नये. वर्ख काळा पडतो व खडा कायमचा आंधळा होतो.

वासाची परीक्षा आपल्या घरच्या बायकांना चटकन जमेल, कारण हे वास त्यांच्या ओळखीचे आहेत. देवघरातल्या कापरासारखा वास आला तर ते सेल्युलॉइड. अमेरिकेत हयात नावाच्या गृहस्थाने १८७० च्या सुमारास हा पदार्थ बाजारात आणला. हस्तिदंत, कासवाचे कवच, पोवळे या सगळ्यांची नक्कल त्यात झाली. दवाखान्यातल्या कार्बोलिकसारखा उग्र वास आला तर ते बेकलाईट, बेकलंड या शास्त्रज्ञाने १९०७ साली केलेले. जुन्या विजेच्या बटणांत आपण ते पाहिले आहे. पण त्याची दाट पिवळी, लाल, हिरवी काकणेही होत, आणि आज परदेशी संग्राहक त्यांना चांगली किंमत देतात. नासलेल्या किंवा करपलेल्या दुधाची आठवण झाली तर ते गॅललिथ. ते खरोखरच दुधातल्या केसीनचे असते. फॉर्मलिनमध्ये ठेवून ते कठीण करीत. गंधकाचा वास आला आणि काळा रंग उजेडाने तपकिरी झालेला दिसला, तर ते कडक केलेले रबर, म्हणजे व्हल्कनाइट.

या काळ्या रंगाच्या पोटात बरेच पदार्थ लपतात. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाचा नवरा १८६१ मध्ये वारला, तेव्हापासून तिकडे सुतकी काळ्या दागिन्यांची रीतच पडली. त्यांत अस्सल जेट म्हणजे कोट्यवधी वर्षे गाडलेले लाकूड. ते हलके असते, आणि बिनझिलईच्या चिनी मातीवर ओढले असता तपकिरी रेघ उमटते. त्याची नक्कल काळ्या काचेत झाली, ती थंड व जड. आणि व्हल्कनाइटमध्ये झाली, ती वर सांगितल्याप्रमाणे वासाने कळते. सगळे काळे मणी एकाच डबीत टाकून "काचेचे आहेत" म्हणणे सोपे. पण त्यांतला एखादा मणी झाडाच्या खोडाचा असतो.

पिवळ्या मण्यांसाठी मिठाच्या पाण्याची युक्ती आहे. पेलाभर पाण्यात आणखी विरघळणार नाही इतके मीठ घालावे आणि सुटा मणी सोडावा. तृणमणी, म्हणजे प्राचीन झाडांची राळ, त्यात तरंगतो. काच व बेकलाईट बुडतात. परंतु कोवळी राळ आणि काही आधुनिक प्लास्टिकही तरंगतात. म्हणून बुडाला तर तृणमणी नव्हे हे नक्की, तरंगला तर असेलच असे नाही. पारखीत "नव्हे" म्हणणे सोपे, "आहे" म्हणणे अवघड, हे सूत्र सर्वत्र ध्यानात ठेवावे. घासून कागदाचा कपटा उचलण्याची जुनी परीक्षाही तशीच अपुरी आहे. प्लास्टिकही कपटा उचलते.

मोत्याविषयी दोनच शब्द. मोत्यावर मोती हलकेच घासला तर खरा मोती, मग तो समुद्रातला असो वा पाळीव शिंपल्यातला, किंचित रवाळ लागतो; नकली गुळगुळीत सरकतो. माशांच्या चकचकीत खवल्यांचा लेप काचेच्या मण्याला देऊन मोती करण्याची कला सतराव्या शतकात पॅरिसमध्ये निघाली. मात्र खरा आणि पाळीव यांतला भेद दातांनी वा बोटांनी कळत नाही; मिकिमोतोने जपानात १८९३ मध्ये पाळीव मोती काढल्यापासून तो प्रश्न प्रयोगशाळेचा झाला आहे. बसरा मोती म्हणून कोणी मोठी रक्कम मागितली, तर क्ष-किरणाचा दाखला मागावा.

धातूंपैकी पितळाविषयी डिचोलीकरांना मी काय सांगणार? जिथल्या समया घरोघर पोचल्या, तिथल्या माणसाला पितळेचा वास ओल्या तळहातावरूनच कळतो. मुलाम्याचा दागिना कडेला आणि कडीच्या घर्षणाच्या जागी आपले पोट दाखवितो. सांध्यात हिरवट कीट चढते. पण पांढऱ्या धातूच्या बाबतीत सावध असावे. काळा न पडलेला, आकाराच्या मानाने फार जड असा पांढरा परदेशी दागिना चांदीच्या भावात घालण्यापूर्वी पाण्यात बुडवून त्याचे घनत्व काढावे. चांदी पाण्याच्या साडेदहापट, सोने १९.३ पट, आणि प्लॅटिनम सुमारे २१.४ पट जड असते. आणि "साधा धातू" या शब्दाचाही गर्व नको. ज्या अ‍ॅल्युमिनियमची आपण पातेली करतो, तो १८८६ साली स्वस्त रीत सापडण्यापूर्वी युरोपात मौल्यवान धातू म्हणून दागिन्यांत घालीत.

आता काय करू नये ते स्पष्ट सांगतो. तापलेली सुई टोचून वास पाहण्याची रीत पुष्कळ ठिकाणी सांगतात. ती घरात कदापि करू नये. सेल्युलॉइड भडकन पेट घेते. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली ज्या जातीच्या फितीवर उतरला, ती फीत याच पदार्थाच्या कुळातली, आणि त्या फितींच्या आगींनी जगभर चित्रपटांची भांडारे जळाली आहेत. जुने सेल्युलॉइड तडकू लागले, चिकट झाले, की त्यातून निघणारी आम्लाची वाफ शेजारच्या धातूस खाते. म्हणून ते वेगळ्या कागदी डबीत, निरांजनापासून दूर ठेवावे. पोवळ्यावर लिंबू पिळून बुडबुडे पाहू नयेत. परीक्षा होते पण पोवळे जाते. नखांचा रंग काढण्याचे द्रव्य रंगविलेले हाड ओळखावयास उपयोगी असले, तरी सेल्युलॉइडला ते विरघळवून टाकते.

आणि मुलांविषयी. ज्या गुंजेने आपण सोने तोलले, ती लाल-काळी गुंज विषारी आहे. अखंड बी टणक कवचामुळे कधीकधी तसेच बाहेर पडते. पण माळेत ओवण्यासाठी भोक पाडलेली गुंज अधिक धोक्याची, कारण कवच फुटलेले असते. किनाऱ्यावरच्या दुकानातून घेतलेली बियांची माळ रांगत्या मुलाच्या हाती देऊ नये. मुलाने चावली तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे आणि माळ सोबत न्यावी. स्वस्त धातूच्या नकली दागिन्यांत शिसे असू शकते, तेही मुलांनी चोखू नयेत. निकेलने कानाची पाळी चिघळते, तेव्हा "सोनाराने कान वाईट टोचला" म्हणण्यापूर्वी कानात काय घातले आहे ते पाहावे.

शेवटी कायदा. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींस छेदणाऱ्या रेघांची नाजूक जाळी दिसते. हाडावर बारीक काळे ठिपके दिसतात. सेल्युलॉइडच्या नकली हस्तिदंतात सरळ समांतर रेघा असतात. दक्षिण अमेरिकेतील ताडाच्या एका जातीचे बीही हुबेहूब हस्तिदंतासारखे कोरले जाते. कासवाच्या कवचात रंगाचे ठिपके भिंगाखाली सुटे सुटे दिसतात, प्लास्टिकमध्ये रंगाचे पट्टे वाहिल्यासारखे असतात. ही परीक्षा नुसत्या हौसेची नाही. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा. हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार थांबविण्याचा निर्णय १९८९ चा. हस्तिदंत, कासवाचे कवच, गव्याचे शिंग यांची खरेदी-विक्री आज गुन्हा आहे. आपल्या पेडणे तालुक्यातच मोरजी, मांद्रे येथील वाळूत समुद्रकासवे अंडी घालावयास येतात आणि गावकरी त्या घरट्यांची राखण करतात. दागिन्यांसाठी मारले गेले ते कवचवाले कासव निराळ्या जातीचे, पण त्यांच्याच कुळातले. घरात वारसाने अशी वस्तू आली असेल तर ती बाजारात दाखवू नये; वनखात्याकडे विचारूनच पुढचे पाऊल टाकावे.

बंधू-भगिनींनो, या सर्वांचे सार म्हणून दोन सूचना नम्रपणे मांडतो. पहिली प्रत्येक घरासाठी. पेटीतल्या प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी ठेवा: कोणाकडून आली, केव्हा आली, कशाची आहे, आणि वजन किती ग्रॅम, लाखेसकट की लाखेविना. ही चिठ्ठी आजी-आईने स्वतःच्या हयातीत, सर्वांदेखत लिहावी. सोन्याच्या नव्या दागिन्यांवर आता शासनाची खूण आहे. १६ जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची होत गेली. पण आजीच्या पोवळ्यावर कोणते सरकार शिक्का मारणार? तिच्या हातची चिठ्ठी हाच तिचा शिक्का.

दुसरी सूचना न्यासासाठी. दरवर्षी दसऱ्यापूर्वी एक दिवस आपल्यातील एखाद्या अनुभवी कारागिराने आणि रसायनशास्त्राच्या एखाद्या शिक्षकाने न्यासाच्या कार्यालयात बसावे, आणि ज्यास जी वस्तू दाखवावयाची असेल ती विनामूल्य पाहून द्यावी. किंमत सांगू नये. फक्त पदार्थ सांगावा, आणि नक्की नसेल तर तसे म्हणावे. आपल्या धंद्यावर पूर्वापार संशयाची एक बारीक नजर लोक ठेवीत आले आहेत. ती नजर निवळावयाची असेल, तर जिथे आपला पैशाचा लाभ नाही अशा खोट्या मण्याविषयीही आपण खरे सांगतो, हे लोकांस दिसले पाहिजे. समाजाच्या पतीची कसोटी सोन्यावर लागते तितकीच काचेवरही लागते.

पन्नास वर्षे न्यासाने गरजू मुलांच्या शिक्षणाचे आणि आजाऱ्यांच्या मदतीचे काम केले. आता घराघरांतील एक निष्कारण दुरावा टाळण्याचे हे लहानसे कामही त्याने हाती घ्यावे, अशी विनंती करतो आणि न्यासाच्या हीरकमहोत्सवास सर्वांना आरोग्य लाभो, अशी प्रार्थना करून माझे भाषण संपवितो.